परवान्याच्या पैशातून घेतलेले रान

पेनसिल्व्हेनियातल्या शिकारीच्या नियमांची चर्चा बहुतेकदा तारखांभोवती फिरते: हंगाम कधी सुरू, नर किती मारायचे, मादी चालेल का. सव्वाशे वर्षांचा हिशेब मांडला, तर मात्र या तारखांपेक्षा जमिनीची खरेदी भारी पडते. १८९५ मध्ये राज्याने शिकारीच्या प्राण्यांवर देखरेख करणारे गेम कमिशन नेमले, तेव्हा हेमलॉकची जंगले लाकडासाठी आणि कातडी कमावायच्या सालीसाठी झपाट्याने तोडली जात होती. एल्क नामशेष झाले होते, हरणे तुरळक उरली होती. कायदे होते, ते राबवायला पैसा नव्हता. १९१३ मध्ये स्थानिक शिकाऱ्यांना एक डॉलरचा परवाना लागू झाला आणि कमिशनला हक्काचे उत्पन्न मिळाले. त्यातूनच १९२० मध्ये एल्क काउंटीत पहिली जमीन घेतली गेली. लाकूड कंपन्यांनी ओरबाडून सोडलेल्या डोंगरांना तेव्हा गिऱ्हाईक नव्हते, म्हणून ते स्वस्तात मिळाले. आज ही 'स्टेट गेम लँड्स' सुमारे पंधरा लाख एकरांवर पसरली आहेत आणि तिथे जंगल पुन्हा उभे आहे.

नियमांची कहाणी इतकी सरळ नाही. १९०७ मध्ये शिंगे नसलेल्या हरणांना संरक्षण मिळाले. बाहेरच्या राज्यांतून हरणे आणून सोडली गेली. तोडलेल्या रानात कोवळा पाला मुबलक, लांडगे आणि प्यूमा आधीच संपवलेले, त्यात माद्या सुरक्षित. कळप वाढणारच होते. ते इतके वाढले की त्यांनी झाडांची रोपेच फस्त केली. १९२८ मध्ये कमिशनने राज्यभर माद्यांची शिकार खुली केली, तेव्हा सर्वाधिक संतापले ते शिकारीच. मादी न मारणे ही तोवर त्यांच्या सभ्यतेची खूण झाली होती. २००० नंतर माद्या जास्त मारण्याचे धोरण आले, तेव्हाही तोच राग उसळला. पैसे देणाऱ्याची आवड आणि रानाची गरज यांतली ओढाताण हंगामाच्या पुस्तिकेत अशी पानोपानी दिसते.

यावर आक्षेप असा, की शिकाऱ्यांच्या पैशाने शिकारीपुरतेच प्राणी जपले. तो बऱ्याच अंशी खरा आहे. १९२९ मध्ये याच राज्यात गॉशॉक हा शिकारी पक्षी मारणाऱ्याला पाच डॉलरचे इनाम होते. इथल्याच हॉक माउंटन या डोंगरावरची शिकारी पक्ष्यांची कत्तल १९३४ मध्ये थांबली, ती रोझाली एज या बाईंनी तो डोंगर भाड्याने घेतल्यामुळे. पण इथेही उपाय सापडला तो जमीन हाती घेण्यातच. शिवाय गेम लँड्सचे रान हरणासाठी राखले, तरी त्याच झाडीत गाणारे पक्षी घरटी करतात.

१९७२ च्या शिकारबंदीच्या भारतीय वन्यजीव कायद्याला सरावलेला मराठी वाचक विचारील, मारू देऊन वाचवले कसे? मुळात प्राण्यांवर घाला घातला होता तो मांस-पिसांच्या बाजाराने. अमेरिकेच्या १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्याबाहेरचा व्यापार रोखला. लांडगे आणि प्यूमा उरलेच नसल्याने हरणांवर आवर घालायला बंदुकीवाचून फारसे काही नव्हते. बिबट्या असलेल्या सह्याद्रीला हा हिशेब लागू नाही. पेनसिल्व्हेनियाची खरी अडचण आता वेगळी आहे. परवाने घेणारे १९८० च्या दशकापासून घटत आले आहेत. रविवारी शिकारीला असलेली जुनी बंदी २०१९ मध्ये सैल झाली आणि २०२५ मध्ये उठली, त्यामागे नोकरदार शिकारी टिकवण्याचा हेतू होता. गेम लँड्सवर फिरायला, पक्षी पाहायला येणाऱ्यांकडून मात्र परवान्याचे पैसे घेतले जात नाहीत, आणि कमिशनला लाकूड व नैसर्गिक वायूच्या उत्पन्नावर विसंबावे लागते.