हिवतापाच्या डासावर बुरशीचा उपाय

कळंब तालुक्यातील कापूस उत्पादकास मेटारायझियम व ब्युव्हेरिया ही नावे अगदीच अपरिचित नसावीत. पिकावरील किडीस रोग जडवून मारणाऱ्या या बुरश्या कृषिसेवा केंद्रांत भुकटीच्या रूपाने मिळतात. हिवताप पसरविणाऱ्या ॲनॉफिलीस डासालाही त्या मारतात, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

डास भिंतीवर विसावला की तेथील बीजकण त्याच्या पायांना चिकटतात, रुजतात, कातडी भेदून आत शिरतात व शरीर पोखरतात. डास मरण्यास एक ते दोन आठवडे लागतात. फवारा मारताच कीड गळून पडावी, अशी ज्याची अपेक्षा, त्यास हे औषध मिळमिळीत वाटेल. परंतु रोग्याचे रक्त प्यालेला डास त्याच दिवशी दुसऱ्यास हिवताप देऊ शकत नाही. जंतू त्याच्या पोटात वाढून लाळेत उतरण्यास सुमारे दहा-बारा दिवस जातात. तत्पूर्वी डास मेला, म्हणजे पुढील मनुष्य वाचला. शिवाय बुरशी जडलेल्या डासाची रक्त पिण्याची वासनाही मंदावते.

टांझानियातील एका खेड्यात घरांच्या छतास बीजकण लावलेले काळे सुती कापड टांगून हा प्रयोग करण्यात आला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील सुमारे २३ टक्के डासांना बुरशीची लागण झाली होती.

डीडीटी पचविणारे डास भारतात पूर्वीच निपजले आहेत; म्हणून नव्या उपायाची निकड आहे. रासायनिक विषाची दुसरी बाजू यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली पाहिली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या हंगामात कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले.

तथापि बुरशीस उन्हाचा ताप सोसत नाही. विदर्भातील उन्हाळ्यात बीजकण भिंतीवर फार काळ तग धरणार नाहीत. हीच मोठी अडचण आहे. म्हणून शेतासाठी आणलेली भुकटी कोणीही घरात फवारू नये. तिची मात्रा पिकासाठी ठरविलेली असते, आणि भुकटी श्वासावाटे गेल्यास काहींना त्रास होतो. ग्रामसेवकांनी हे घरोघर समजावून द्यावे.

तूर्त रांजण व टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी करावी, विहिरीत गप्पी मासे सोडावेत, मच्छरदाणीत निजावे. थंडी वाजून ताप येताच आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.