अर्जांची शंभर वर्षं आणि प्रतिसरकार

कुंडल गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४३ मध्ये ते ना सांगलीत होतं, ना साताऱ्यात. ते औंध संस्थानात होतं. बाब किरकोळ वाटेल, पण क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात उभं राहिलेलं लोकांचं समांतर सरकार, इतकं कसं टिकलं हे समजून घ्यायचं तर त्या वेळचा नकाशा आधी डोळ्यांपुढे आणायला हवा. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हा सगळा मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखाली. मध्येमध्ये सांगली, मिरज, जत, औंध, फलटण अशी संस्थानं. काही ठिकाणी तर ओढा ओलांडला की राज्य बदलायचं. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने कारभार ग्रामपंचायतींच्या हाती दिला होता. भूमिगताला आणखी काय हवं?

पण लोक भूमिगत का झाले, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर १९४२ मध्ये सापडत नाही. साताऱ्याने तोवर शंभर वर्षं अर्ज केले होते.

पहिला अर्ज खुद्द छत्रपतींचा. १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना गादी मिळाली. १८३९ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना पदच्युत केलं आणि काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. एक-दोन वर्षं नव्हे, १८४० पासून १८५३ पर्यंत हा माणूस तिथे कंपनीच्या मालकांसमोर आणि पार्लमेंटच्या सभासदांसमोर कागद ठेवत राहिला. इकडे १८४७ मध्ये महाराज काशीलाच वारले. पुढच्या वर्षी त्यांचे बंधू शहाजी निवर्तले, तेव्हा दत्तकविधान नामंजूर करून गव्हर्नर जनरल डलहौसीने साताऱ्याचं राज्यच खालसा केलं. ज्या राज्यासाठी वकिली चालली होती ते राज्यच उरलं नाही. रंगो बापूजी परतले आणि चार वर्षांत बंडाच्या तयारीला लागले. बेत फुटला. सप्टेंबर १८५७ मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झालं. काहींना फाशी, काहींना गोळी, काहींना तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

ही राजघराण्याची तक्रार झाली. कुणब्याची तक्रार वेगळी, आणि माझ्या मते पुढच्या लढ्याचं मूळ तिच्यातच आहे. सारा रोख भरायचा, पीक येवो न येवो. रोख पैसा सावकाराकडे. सावकाराच्या हातात कर्जरोखा, आणि रोख्यामागे दिवाणी कोर्ट. पूर्वी सावकाराला गावाच्या रेट्याने वागावं लागे. इंग्रजी अमलात त्याला फक्त हुकूमनामा मिळवायचा होता. कोर्टही तालुक्याला किंवा त्याहून लांब, वकिलाच्या भाषेत चालणारं. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगल पेटली तेव्हा लोकांनी जाळले ते प्रामुख्याने कर्जरोखेच. त्यानंतर १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी झाला. कायद्याने थोडा दिलासा मिळाला, पण कोर्ट, कचेरी आणि फौजदार जागच्या जागीच राहिले. जंगलातला लाकूडफाटा नि चराई, तेही सरकारचं. १९३० च्या जंगल सत्याग्रहात शिराळ्याजवळचं बिळाशी गाव उभं राहिलं ते यामुळेच.

मध्यंतरी एक गोष्ट घडली जिचा उल्लेख स्वातंत्र्याच्या इतिहासात नेहमी घाईने उरकला जातो. सत्यशोधक चळवळीने या जिल्ह्यातल्या बहुजन शेतकऱ्याला सभा भरवायला, जलशातून बोलायला आणि शेटजी-भटजींना प्रश्न विचारायला शिकवलं. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. नाना पाटील स्वतः याच मुशीतले. १९०० चा जन्म, तलाठ्याची नोकरी, आणि १९३० मध्ये तिच्यावर पाणी सोडून चळवळीत उडी. सारा-पट्टीच्या वह्या ज्याने स्वतः लिहिल्या, त्याला सरकारचा जीव कुठल्या दप्तरात आहे हे पक्कं ठाऊक असणारच.

मग महायुद्ध आलं. धान्याची टंचाई, महागाई, काळा बाजार, आणि वरून लेव्हीसाठी दारात येणारा कारकून. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ चळवळ सुरू होताच नेते तुरुंगात गेल्यावर साताऱ्यात आधी निघाले ते शांततेचे मोर्चे, तालुक्याच्या कचेऱ्यांवर. २४ ऑगस्टला कऱ्हाड, ३ सप्टेंबरला तासगाव. तासगावात तर मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी चढली आणि कचेरीवर तिरंगा. कुणाला वाटलं असेल, असंच राज्य मिळेल. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे यांचा बळी गेला. मोर्चा हाही एक अर्जच असतो. त्याला मिळालेलं हे उत्तर होतं.

त्यानंतर तारा तोडणं, चावड्या जाळणं सुरू झालं. ते देशभर झालं आणि बहुतेक ठिकाणी विझलं. उत्तर प्रदेशातल्या बलियात चित्तू पांडे यांचं सरकार आठवडाभरही नीट टिकलं नाही. बंगालमधल्या तामलुकचं जातीय सरकार १९४४ पर्यंत चाललं. साताऱ्याचं १९४६ पर्यंत. फरक कशाने पडला? गोंधळाचा फायदा घेऊन दरोडेखोरांच्या टोळ्या माजल्या, काही तर देशभक्तांच्या नावाने लुटू लागल्या. पोलीस चळवळीच्या मागे, दरोडेखोरांच्या मागे कुणीच नाही. भूमिगतांनी आधी या टोळ्यांचा बंदोबस्त केला. मग गावकरी भांडणं घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. १९४३ मध्ये प्रतिसरकार आकाराला आलं ते असं, गरजेपोटी.

न्यायदान मंडळासमोर बांधाचं भांडण, सावकाराचं गहाण, टाकलेल्या बायकोची पोटगी, सगळं यायचं. वकील नाही, स्टँप नाही, तारखा नाहीत. दारूबंदी होती, हुंडा-मानपानाला फाटा देणारी गांधी पद्धतीची लग्नं होती. कुंडलला तुफान सेनेचं शिक्षण चाले, जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र लाड हे तिचे म्होरके. पैसा हवा म्हणून ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगार नेणारी गाडी लुटली. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला पार धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, सुमारे साडेपाच लाखांचा. त्याआधी जुलै १९४३ मध्ये सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि सोबत्यांनी दिवसाढवळ्या उडी घेतली. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव मारले गेले, दादांना गोळी लागली. बायकांनी भाकरी पोचवली तशी शस्त्रंही पोचवली. समाजवादी नेते अच्युतराव पटवर्धन या भागात वावरले आणि अखेरपर्यंत सापडले नाहीत.

अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनीही १७६५ पासून स्टँपाच्या कराविरुद्ध आधी अर्जच केले होते. १७७६ चा जाहीरनामा निघाला तेव्हा तिथल्या गावोगावच्या समित्या कारभार चालवूही लागल्या होत्या. राज्य आधी हातात येतं, स्वातंत्र्याची घोषणा मागून होते. वाळव्याच्या शेतकऱ्याने हे कुठे वाचलं नव्हतं, पण त्याने केलं ते हेच.

सगळंच गोड नव्हतं. खबऱ्यांच्या आणि गुंडांच्या तळपायांवर पत्र्या मारल्या जात, म्हणून लोक पत्री सरकार म्हणत; आजही काही जण ते कौतुकाने सांगतात. पण या न्यायाला अपील नव्हतं. चुकून कुणाचं नाव आलं तर दाद कुठे मागायची? गांधीजींनी १९४४ मध्ये भूमिगतांना उघड व्हायला सांगितलं, तेव्हा साताऱ्याच्या बहुतेकांनी ऐकलं नाही. मला विचाराल तर ते त्यांच्या जागी बरोबर होते: ते उघड झाले असते तर त्यांच्या भरवशावर साक्ष दिलेले गावकरी फौजदाराच्या तावडीत सापडले असते. नाना पाटील प्रकट झाले ते १९४६ मध्येच.

१५ ऑगस्ट १९४७ ने इंग्रजांविरुद्धची तक्रार संपली, जमीन आणि कर्जाची नाही. म्हणूनच ज्यांनी प्रतिसरकार चालवलं त्यांतले बरेच जण नव्या सरकारच्याही विरोधात बसले. नाना पाटील काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्षात गेले, मग कम्युनिस्ट पक्षात. १९५७ मध्ये उत्तर साताऱ्याने त्यांना त्याच पक्षाचे खासदार म्हणून दिल्लीला पाठवलं.