वर्धा जिल्ह्यांतील गवळाऊ गोवंश : परीक्षा व पुरावा

जुन्या घराण्यांच्या वंशावळी, सनदा व महजर शोधणारे आमचे वाचक गोठ्याकडे सहसा वळत नाहींत. तथापि वंश ओळखण्याची जी विद्या आपण कागदांत शोधतों, तीच विद्या आर्वी-कारंजाकडील गवळ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या तोंडीं जतन केली आहे. गवळाऊ गुरें हें तिचें फळ होय.

या जातीची गाय पांढरी असते. वळूच्या मानेवर, वशिंडावर व मागील भागावर राखी झांक असते. डोकें लांबट व तोंडाकडे निमुळतें, डोळे बदामी, शिंगें आंखूड व बोथट. आंध्रांतील ओंगोल गुरांशीं हिचें साम्य आहे, पण बांधा हलका व चाल जलद. गोंडवनाच्या डोंगराळ वाटांनीं मराठी फौजेचें सामान वाहण्यासाठीं ही जात घडविली गेली, असें पशुतज्ज्ञ सांगत आले आहेत.

आतां निवडीविषयीं. प्रदर्शनांत रंग व शिंगें आधीं नजरेंत भरतात, शंकरपटांत वेग. केवळ यांवर विसंबून वळू निवडल्यास वंशाचा घात होतो. प्रथम वळूची आई पाहावी : ती नियमित विते काय, तिची कास कशी, स्वभाव कसा. मग खुरांची टणकता, छातीची रुंदी व पायांचा सरळपणा पाहावा. जनावर धांववून त्याचा श्वास किती वेळांत पूर्ववत् होतो, तेंहि पाहावें. वळूच्या स्वतःच्याच कालवडी माजावर येण्यापूर्वीं तो बदलावा, नाहीं तर वंशांतील लपलेले दोष प्रकट होतात. गर्भपात घडविणारा ब्रुसेला रोग डोळ्यांस दिसत नाहीं; यास्तव रक्तपरीक्षेवांचून परका वळू कळपांत घेऊं नये.

१९४१ सालीं वर्धा येथें गांधीजींच्या प्रेरणेनें गोसेवा संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं आयुष्याचे अखेरचे महिने, म्हणजे फेब्रुवारी १९४२ पर्यंत, त्यास वाहिले. पुढें कारंजा तालुक्यांतील हेटीकुंडीच्या शासकीय प्रक्षेत्रांत ही जात राखली गेली. परंतु विदेशी वळूंशीं संकर व ट्रॅक्टर यांमुळें तिचें क्षेत्र आकसलें. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बंदी घातली. २०२३ सालीं महाराष्ट्राचा सुधारित कायदा ग्राह्य धरून त्यांस मोकळीक दिली. पट पुन्हां भरूं लागले असतां केवळ वेगाच्या लोभानें निवड होण्याचा धोका खरा आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. गुरांच्या बाजारांतील पावतीवर जनावराचा रंग, शिंगें, वय व खुणा नोंदविण्याचा प्रघात आहे. दप्तर चाळतांना अशा पावत्या, बैलखरेदीच्या चिठ्ठ्या व फौजेकडील बैलांचे हिशेब रद्दी समजून टाकूं नयेत. फौजेची कथा सांगोवांगी राहावी कीं सिद्ध व्हावी, हें त्याच कागदांवर अवलंबून आहे. वृद्ध गवळ्यांच्या तोंडचें ज्ञानहि ते हयात आहेत तोंवरच टिपून घ्यावें. त्याची दुसरी प्रत कोणत्याहि दप्तरांत मिळणार नाहीं.