शेजारची शीळ आणि दूरचा शब्द

२६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीच्या लाटांनीं अंदमानांतील नेहमींचे संदेशमार्ग तुटले, तेव्हां तेथें हजर असलेल्या हौशी रेडिओचालकांनीं आपल्या यंत्रांवरून लोकांची खुशाली मुख्य भूमीपर्यंत पोंचविली. अशा प्रसंगीं दुरून येणारा क्षीण शब्दहि मोलाचा असतो. आणि शेजारच्या लहरीवरील एखादी शीळ नेमकी त्यांतच मिसळते. ही शीळ बाजूस सारावी, पण बोलणाऱ्याचा स्वर पालटूं नये, हें साधणारी युक्ति म्हणजे ‘आय-एफ शिफ्ट’.

एडविन आर्मस्ट्राँग यांनीं १९१८ मध्यें शोधिलेल्या सुपरहेटेरोडाइन पद्धतींत, येणारी लहर यंत्रांतील आंदोलकाच्या लहरीशीं मिसळून तिला एका ठराविक मधल्या कंपनसंख्येवर आणतात. हें रूपांतर एकदांच होत असेल, तर यंत्र एक-रूपांतरी. या मधल्या वाटेवर स्फटिकांचा फिल्टर असतो. तो जणूं अरुंद दरवाजाच. त्यांतून पार झालेली लहर ‘बीएफओ’ या दुसऱ्या आंदोलकाशीं मिसळली, कीं शब्द ऐकूं येतो.

समजा, फिल्टर ८९९८.८ ते ९००१.२ किलोहर्ट्झ एवढाच उघडा आहे. ७१०० किलोहर्ट्झवरील ‘लोअर साइडबँड’ भाषण ऐकतांना पहिला आंदोलक १६०९८.५ वर आणि बीएफओ ८९९८.५ वर आहे. तेव्हां ३०० ते २७०० हर्ट्झचे स्वर कानीं पडतात. २६०० हर्ट्झची शीळहि पडते. आतां दोन्ही आंदोलक ०.३ किलोहर्ट्झनें वर न्यावे. दोहोंमधील फरक कायम राहिल्यामुळें स्वर पालटत नाहीं. परंतु सगळें भाषण दारांत किंचित् पुढें सरकतें आणि शीळ ९००१.४ वर, म्हणजे चौकटीबाहेर पडते. २४०० हर्ट्झवरील स्वर तिच्याबरोबर जातात, तरी शब्द कळण्यास अडचण पडत नाहीं.

पहिला आंदोलक येणाऱ्या लहरीच्या खालीं असेल, तर मात्र दोघांस उलट दिशांनीं तितकेंच सरकवावें लागतें. जुन्या कॉइलच्या यंत्रांत ही जोडी बरोबर राखणें कठीण होतें. आतां ‘एस-आय ५३५१’ सारखी एक लहानशी चिप दोन्ही लहरी निर्माण करते. तिच्या प्रोग्राममध्यें दोन आंकडे एकदम बदलले कीं झालें, फिल्टरला हात लावावा लागत नाहीं.

या युक्तीची मर्यादाहि ध्यानांत ठेवावी. दार सरकतें, अरुंद होत नाहीं. भाषणाच्या ऐन मध्यावर आलेली शीळ यानें टळत नाहीं. आणि एका बाजूचा उपद्रव बाहेर काढतांना दुसऱ्या बाजूचा आंत येऊं शकतो. म्हणून खुंटी शिळेच्या उलट बाजूस, लागेल तेवढीच फिरवावी.