फेटाळलेल्या अर्जांचं युद्ध

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरचं कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळवायला. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, अशी खबर होती. काका-पुतणे मध्य हिंदुस्थानात पोहोचले, तेव्हा वाटेत भेटलेल्या शिपायांनी त्यांना बजावलं की तीन दिवसांत भयंकर उलथापालथ होणार आहे, पुढे जाऊ नका. कारण विचारलं तेव्हा शिपाई म्हणाले, इंग्रजांनी हिंदू आणि मुसलमान दोघांचेही धर्म बुडवायचं ठरवलं आहे. त्यासाठी त्यांनी चौऱ्याऐंशी कलमं तयार केली, कलकत्त्यात सगळ्या राजेरजवाड्यांना बोलावून ती वाचून दाखवली. राजांनी विरोध केला, परिणाम वाईट होतील असं बजावलं, आणि संतापून ते आपापल्या राजधान्यांत परतले. ही हकीकत ‘माझा प्रवास’मध्ये आहे. चिंतामणराव वैद्यांनी ते पुस्तक १९०७ मध्ये छापलं, तेव्हापासून मराठी वाचकाला ती ठाऊक आहे.

कलकत्त्यात असा दरबार कधी भरला नव्हता. चौऱ्याऐंशी कलमांची यादीही नव्हती. म्हणून आपण ही हकीकत बाजारगप्प समजून पुढे जातो. मला मात्र युद्धाच्या कारणांचा शोध तिथूनच घ्यावासा वाटतो. शिपायांच्या त्या कथेत कलमांइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे: राजांना बोलावलं, निर्णय ऐकवला, त्यांचं म्हणणं मात्र कुणी ऐकून घेतलं नाही. हा अनुभव खरा होता. सातारा १८४८ मध्ये गेला, झाशी आणि नागपूर १८५४ मध्ये गेले, आणि १८५६ मध्ये लखनौ, म्हणजे अवधचं राज्य, गेलं. एका देशाचं सैन्य आणि दुसऱ्या देशातली रयत समोरासमोर उभी राहते, त्याच्या कितीतरी आधी ऐकून घेण्याच्या वाटा एकेक करून बंद झालेल्या असतात. १८५७च्या बाबतीत त्या कशा बंद झाल्या, हे लखनौइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठेही दिसत नाही.

सत्तावन्नचा विचार आपण बिठूर, कानपूर आणि झाशीच्या वाटेनं करतो, आणि ते स्वाभाविकच आहे. नानासाहेब, तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई ही आपली माणसं. पण झाशीचा वेढा काही दिवसांत संपला. अवधमध्ये लढाई १८५७च्या मेअखेरीपासून पुढच्या वर्षीच्या शेवटापर्यंत चालली, आणि तिथं शिपायांच्या मागे गावंच्या गावं उभी राहिली. जुलै १८५७ मध्ये पदच्युत नवाब वाजिद अली शाहची बेगम हजरत महल हिच्या लहान मुलाला, बिरजीस कद्रला, लखनौत गादीवर बसवलं गेलं. बुडवलेलं राज्य पुन्हा उभं करून त्याच्या नावानं कंपनीशी लढणं, याला फौजेतलं बंड म्हणता येत नाही. लंडनच्या पार्लमेंटमध्ये डिझरायलीनं त्याच महिन्यात हा प्रश्न उभा केला होता: हे लष्करी बंड आहे की राष्ट्राचा उठाव? साम्राज्यं काडतुसांच्या चरबीवरून कोसळत नाहीत, कारणं फार आधीपासून साचत आलेली असतात, असा त्याच्या भाषणाचा रोख होता.

साचण्याची सुरुवात बक्सरपासून धरावी लागते. त्याआधी तीन वर्षं, पानिपतावर, अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्या छावणीत होता. त्याच्याच नोकरीतल्या काशीराज पंडितानं, एका मराठी माणसानं, त्या युद्धाची फारसीत लिहिलेली हकीकत आजही इतिहासकारांना लागते. म्हणजे १७६१ मध्ये लखनौकर आणि पुणेकर एकमेकांसमोर उभे होते, आणि ९६ वर्षांनी एकाच बाजूला. त्यांना एका बाजूला आणलं ते कंपनीच्या तहांनी.

ऑक्टोबर १७६४ मध्ये बक्सरला शुजा हरला. पुढच्या वर्षी अलाहाबादचा तह झाला आणि त्यानं ५० लाख रुपये दंड कबूल केला. मग त्याच्या रक्षणासाठी कंपनीची फौज आली आणि फौजेचा खर्च त्याच्याकडून घेतला जाऊ लागला. १७७३ मध्ये एका ब्रिगेडमागे महिना २ लाख १० हजार रुपये ठरले, १७७५ मध्ये ते २ लाख ६० हजार झाले. त्याच वर्षी आसफउद्दौलानं राजधानी फैजाबादहून लखनौला आणली, आणि बनारस कंपनीकडे गेलं. १७९८ मध्ये सआदत अली खानाशी झालेल्या तहात वार्षिक रक्कम ७६ लाखांवर गेली. ती भरणं अशक्य होतं. म्हणून १८०१ मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीनं वर्षाला १ कोटी ३५ लाखांच्या वसुलीचा मुलूख, जवळजवळ अर्धं राज्य, तोडून घेतलं.

१८०१च्या तहात दोन गोष्टी एकत्र आल्या आणि पुढच्या अनर्थाचं बीज तिथंच पडलं, असं माझं मत आहे. आतल्या-बाहेरच्या सगळ्या शत्रूंपासून नवाबाचं रक्षण कंपनी करणार, हे त्यात होतं. आणि उरलेल्या राज्यात नवाबानं कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानं रयतेच्या सुखाचा कारभार करावा, हेही होतं. पहिल्या कलमानं राजाला प्रजेची भीती उरली नाही. वसुली थकली तर कंपनीची पलटण होतीच. ज्या राजाला प्रजेला सांभाळून घ्यायची गरजच ठेवली नाही, त्याचा कारभार बिघडणार हे उघड होतं. आणि तो बिघडला म्हणून १८५६ मध्ये दुसऱ्या कलमाच्या आधारानं राज्य काढून घेतलं गेलं. मधल्या काळात १८३७ मध्ये आणखी एक तह झाला. कंपनीच्या संचालकांनी लंडनमध्ये तो नामंजूर केला, पण रद्द झाल्याचं अवधच्या राजाला धड कळवलंही नाही.

या सगळ्या काळात लखनौचा पैसा मात्र कंपनीला चालत होता. १८१४-१६च्या नेपाळ युद्धात गाजीउद्दीन हैदरनं कंपनीला दोन कोटी रुपये कर्ज दिलं. त्यातल्या एका कोटीच्या बदल्यात कंपनीनं नेपाळकडून जिंकलेली तराईची पट्टी त्याच्या पदरात टाकली. अशा कर्जांवरचं व्याज राजघराण्यातल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या मिळावं, असं ठरलं. लखनौत त्याला वसीका म्हणतात. हुसेनाबादच्या जुन्या इमारतीतल्या कचेरीतून नवाबांच्या वंशजांना त्याच्या किरकोळ रकमा अलीकडच्या काळापर्यंत मिळत आल्या आहेत. म्हणजे ज्या राज्यानं सरकारला कर्ज दिलं तेच राज्य सरकारनं खालसा केलं. ही गोष्ट लखनौच्या माणसाच्या मनातून गेली नाही, यात नवल नाही.

वाजिद अली शाहच्या कारभाराची तरफदारी मी करणार नाही. लखनौचा रेसिडेंट स्लीमन यानं १८४९-५० मध्ये अवधभर फिरून लिहिलेल्या वृत्तांतात वसुली करणाऱ्या चकलेदारांचा जुलूम, जळालेली गावं, तालुकदारांच्या, म्हणजे बड्या जमीनदारांच्या, मारामाऱ्या आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. पण तोच स्लीमन राज्य खालसा करण्याच्या विरोधात होता. हेन्री लॉरेन्सनंही १८४५ मध्येच लिहिलं होतं की कारभार हाती घ्यावा, पण तिथला पैसा कंपनीच्या तिजोरीत आणू नये. गव्हर्नर जनरल डलहौसीनं या दोघांचं ऐकलं नाही. फेब्रुवारी १८५६ मध्ये रेसिडेंट औट्रम नवा तह घेऊन वाजिद अलीसमोर गेला. राजानं आपली पगडी उतरवून औट्रमच्या हातात ठेवली आणि तहावर सही करायला नकार दिला. ७ फेब्रुवारीला अवध खालसा झालं. एक गोळीही झाडली गेली नाही, आणि यावरून कलकत्त्यानं सगळं सुरळीत झालं असा अर्थ काढला.

पण राजाचं जाणं हा या गोष्टीचा एक भागच होता. बंगाल आर्मीची भरती मुख्यतः अवध आणि त्याच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांतून होई. महिना सात रुपयांवर लढणारा हा शिपाई गावात एका गोष्टीमुळे मोठा होता. घरच्या जमिनीचा तंटा असेल, चकलेदारानं छळलं असेल, तर त्याचा अर्ज पलटणीच्या साहेबामार्फत लखनौच्या रेसिडेंटकडे जाई आणि दरबाराला त्याची दखल घ्यावी लागे. भाऊ पलटणीत आहे, हीच घराची ढाल होती. राज्य खालसा होताच रेसिडेंट संपला, दरबार संपला आणि शिपायाचा तो खास अर्जही संपला. आता तो कचेरीच्या दारात इतरांसारखाच उभा. त्यातच १८५६च्या कायद्यानं नव्या भरतीतल्या शिपायाला समुद्रापलीकडे जाण्याची सक्ती आली. मग काडतुसं आली. चरबीबद्दलचा संताप खराच होता, त्याला बहाणा म्हणणं अन्यायाचं होईल. पण तो ज्या मनावर जाऊन पडला ते मन आधीच दुखावलेलं होतं.

तालुकदारांचं तेच. १८५६च्या जमीन महसूल ठरावात अधिकाऱ्यांनी त्यांना मध्येच घुसलेले उपटसुंभ ठरवलं. आधी अवधमधली सुमारे ६७ टक्के गावं त्यांच्याकडे होती, ती ३८ टक्क्यांवर आली. गढ्या पाडल्या, हत्यारं काढून घेतली. प्रतापगड भागातल्या कालाकांकरच्या राजा हनवंतसिंहानं एका इंग्रज अधिकाऱ्याला बंडाच्या धामधुमीत आसरा देऊन सुखरूप पोहोचवलं. निरोप घेताना त्याला सांगितलं, की तुम्ही आमचा राजा हाकलला, माझ्या पूर्वजांची जमीन एका फटक्यात घेतलीत, तरी संकटात मी तुम्हाला वाचवलं. आता मी माझी माणसं घेऊन लखनौला तुमच्याशी लढायला निघालो आहे. मला या माणसात अवधच्या युद्धाचं सगळं कारण दिसतं. त्याचं इंग्रजांशी वैर नव्हतं. त्याचं म्हणणं मांडायला जागा उरली नव्हती.

इतिहासकारांना सगळ्यात अवघड गेलेला प्रश्न शेतकऱ्याचा आहे. नव्या ठरावानं जमीन ज्या गावकऱ्यांच्या नावे केली, ते तरी कंपनीच्या बाजूनं उभे राहायला हवे होते. तसं झालं नाही. जून १८५७ मध्ये बहुतेक ठिकाणी ते जुन्या तालुकदाराच्या मागे गेले. रुद्रांग्शु मुखर्जींनी अवधच्या उठावावरच्या ग्रंथात हा दुवा नीट उलगडला आहे. तालुकदार पिळवणूक करी, पण दुष्काळात हप्ता पुढे ढकली, लग्नकार्याला उभा राहत असे. कंपनीचा हप्ता ठरल्या तारखेला रोख हवा, आणि काही भागांत मागणी ३० ते ७० टक्क्यांनी वाढलेली. भांडता येईल असा धनी गेला होता, आणि त्याच्या जागी तारीख आली होती. लखनौ शहराचं तर काय सांगावं! राजाच्या फौजेतले हजारो शिपाई, दरबारावर जगणारे कारागीर, चिकनचं काम करणारे, वादक, आचारी, सगळे काही महिन्यांत बेकार झाले. अफूवरचा नवा कर गरिबांच्या खिशाला लागला.

याच काळात हिंदुस्थानातून लंडनला गेलेल्या तीन गाऱ्हाण्यांकडे एकत्र पाहायला हवं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांसाठी रंगो बापूजी गुप्ते १८३९ मध्ये गेले आणि १४ वर्षं तिथं खेटे घालत राहिले. बाजीरावांचं आठ लाखांचं पेन्शन १८५१ मध्ये त्यांच्या मृत्यूबरोबर बंद झालं, म्हणून नानासाहेबांचा वकील अजीमुल्ला खान गेला. आणि १८५६ मध्ये वाजिद अलीची आई, मलिका किश्वर, पडद्यातली बाई, मुलाचं राज्य मागायला जहाजात बसली. तिघांच्याही पदरात काही पडलं नाही. मलिका १८५८ मध्ये पॅरिसमध्ये वारली. पेर लाशेजच्या दफनभूमीत तिला पुरलं. अजीमुल्ला परतताना क्रिमियाच्या युद्धभूमीवर इंग्रज फौजेची दुर्दशा पाहून आला. साताऱ्याच्या कटात रंगो बापूजींच्या मुलासह १७ जणांना ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर मृत्युदंड झाला, आणि स्वतः रंगो बापूजी परागंदा झाले. एप्रिल १८५७ मध्ये नानासाहेब लखनौला आले होते, तेव्हा फायनान्शियल कमिशनर गबिन्सला त्यांचा संशय आला. त्या भेटीत कट शिजला का, यावर खूप शाई खर्च झाली आहे. कट करणारे नेहमीच असतात. त्यांच्यामागे लाखो माणसं का जातात, हे समजून घेणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मग महाराष्ट्रात एवढं का पेटलं नाही? कोल्हापूरला ३१ जुलैला पलटण उठली, तिथल्या राजाचे धाकटे भाऊ चिमासाहेब पुढे आले, साताऱ्यात कट झाला, पण गावं उठली नाहीत. मुंबई आर्मीची भरती एकाच मुलखातून होत नसे, त्यामुळे शिपायाचं दुःख आणि गावाचं दुःख एक झालं नाही. पेशवाई १८१८ मध्येच गेली होती. गढी आणि माणसं बाळगून असलेले तालुकदारही रयतवारीत नव्हते. अवधमध्ये राजा, जमीनदार, शिपाई आणि शेतकरी यांना एकाच सरकारनं, एकाच वर्षात, एकाच हुकुमाच्या ओघात दुखावलं. १९१४ मध्ये साराजेव्होच्या दोन गोळ्यांनी युरोप पेटला, तोही अनेकांची वेगवेगळी भीती एकाच वेळी पिकलेली होती म्हणून.

अवधमध्येही सगळे उठले नाहीत. बलरामपूरचा राजा कंपनीसोबत राहिला, रेसिडेन्सीच्या वेढ्यात आत लढणाऱ्यांत शेकडो हिंदी शिपाई होते, आणि मार्च १८५८ मध्ये लखनौ घेताना नेपाळच्या जंगबहादूरचे गुरखे इंग्रजांच्या बाजूनं आले. हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही.

त्याच मार्चमध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंगनं जाहीरनामा काढला: मोजके निष्ठावंत सोडून अवधमधली सगळी जमीन सरकारजमा. ज्या औट्रमनं दोन वर्षांपूर्वी राज्य घेतलं, त्यानंच आता याला विरोध केला, की असं केलंत तर हे लोक मरेपर्यंत लढतील. लढाई खरोखरच लांबली. मग धोरण फिरलं आणि १८५९ मध्ये तालुकदारांना सनदा मिळाल्या. त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं. ज्या शेतकऱ्यांनी त्यांच्यामागे जीव टाकला होता, त्यांच्या हक्कांची सनद मात्र कुणी लिहिली नाही. बेदखली, नजराणा, बेगार यांखाली ते आणखी साठ वर्षं राहिले. १९२० मध्ये प्रतापगडच्या गावांत त्यांना संघटित करायला जो माणूस उभा राहिला तो बाबा रामचंद्र, मूळचा श्रीधर बळवंत जोधपूरकर, ग्वाल्हेर संस्थानातला मराठी ब्राह्मण, फिजीत गिरमिटिया म्हणून राबून आलेला. जून महिन्यात काही शेकडो शेतकऱ्यांना घेऊन तो प्रतापगडहून अलाहाबादला पायी गेला, नेत्यांनी गावात येऊन एकदा ऐकून घ्यावं एवढीच विनंती करायला. जवाहरलाल नेहरू गेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अवध किसान सभा स्थापन झाली.