आठ पुलांचा रस्ता

आमच्या लहानपणी पुण्याहून कोल्हापूरला एसटीने जाताना आई मुठीत सुटी नाणी धरून खिडकीशी बसायची. पूल आला की हात जोडायची आणि नदीत टाकायला एक नाणं पुढे करायची. आम्हा भावंडांचं काम नदीचं नाव सांगायचं. चुकलं तर नाणं टाकायचा मान दुसऱ्याला मिळायचा. नीरा, कृष्णा, वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना, वारणा, पंचगंगा. ओढे आणि लहान नद्या सोडल्या तर हे आठ पूल. जेमतेम सव्वादोनशे किलोमीटरच्या वाटेवर इतकं पाणी आडवं येतं.

आता रस्ता रुंद झाला, पुलांचे कठडे उंच झाले आणि नदी दिसेनाशी झाली. गाडीतल्या मुलांना आठवतं ते टोलनाक्याजवळच्या फूडमॉलमधलं आइस्क्रीम. तिथे थांबायला माझी ना नाही. पण मॉलमध्ये जाणारा तासभर नदीला दिला, तर प्रवासाची चवच बदलते. या रस्त्यावरची मनापासून रमण्यासारखी जवळजवळ सगळी ठिकाणं पाण्याकाठी आहेत आणि महामार्गापासून फार आत नाहीत.

सारोळ्याला नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि थोड्या वेळाने खंबाटकी घाट लागतो. साताऱ्याकडे जाणारी गाडी घाट चढते, पुण्याकडे येणारी बोगद्यातून निघते, एवढं बहुतेकांना माहीत असतं. मुलांना मात्र आणखी एक गोष्ट सांगा. हा डोंगर पाण्याची वाटणी करतो. अलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस नीरेला मिळतो, नीरा भीमेला. पलीकडचा पाऊस थेट कृष्णेत जातो. इथे फारकत झालेले दोन थेंब पार रायचूरजवळ, भीमा कृष्णेला मिळते तिथे, पुन्हा भेटतात. माझी भाची हे ऐकल्यावर घाट संपेपर्यंत खिडकीला नाक लावून बसली होती. (घाटात गाडी मात्र थांबवू नका. वळणं अवघड आहेत आणि मागून ट्रक येत असतात.)

घाट उतरल्यावर सुरूर फाट्याला उजवीकडे वळलं की वाई. ढोल्या गणपती पाहून लोक पुढे पाचगणीला निघतात, पण मी म्हणेन आणखी तीन किलोमीटर जाऊन मेणवली गाठा. नाना फडणवीसांचा वाडा तिथे आहे आणि वाड्यामागे कृष्णेचा घाट. घाटावरच्या देवळाशी पंचधातूची भलीमोठी घंटा टांगली आहे, तिच्यावर 1707 हे साल. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. अशीच एक घंटा याच महामार्गावर नसरापूरजवळच्या बनेश्वराच्या देवळात आहे. समुद्राकाठी प्रार्थनेला बोलावणारी घंटा कृष्णेकाठी महादेवापुढे वाजते आहे. मी घाटाच्या पायरीवर बसलो की ती एकदा हलक्या हाताने वाजवतो आणि नाद विरेपर्यंत बोलत नाही.

पुन्हा महामार्गाला लागून भुईंजजवळ कृष्णा ओलांडायची. साताऱ्याच्या अलीकडे लिंब फाटा येतो. तिथून आत गेलं की शेतांच्या मधोमध बारा मोटांची विहीर. वरून पाहिली की शिवलिंगाचा आकार दिसतो. व्यास सुमारे 50 फूट, खोली सुमारे 110 फूट. शके 1641 ते 1646 या काळात, म्हणजे थोरल्या शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. आमराईला पाणी हवं होतं. विहीर म्हणावी तर पायऱ्या उतरल्यावर दरवाजा लागतो, कोरीव खांब लागतात आणि वर चक्क बसायची दगडी जागा. छोटा महालच तो. बाहेर तळपतं ऊन असलं तरी आत गारवा. मोट म्हणजे काय हे आजच्या मुलांना शब्दांनी कळत नाही, काठावर उभं करून दाखवलं की कळतं: चामड्याची मोठी पखाल पाण्यात सुटायची, बैल उतारावरून चालत जायचे, सोल ताणला जायचा, मोट वर यायची आणि पाटात रिकामी व्हायची. हे एकाच वेळी बारा ठिकाणी चाललेलं आहे अशी कल्पना करा. कुठल्याही फूडमॉलमध्ये मुलांना याहून मोठा खेळ मिळेल असं मला वाटत नाही.

साताऱ्यात कंदी पेढे घ्या. गरम, खरपूस भाजलेले मिळाले तर तिथेच खा. वेळ असेल तर माहुलीला, वेण्णा कृष्णेला मिळते तिथे, जाऊन या.

कराडला मात्र वेळ असो नसो, उतरायचंच. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या. जन्मस्थान एक, पण वाटा वेगळ्या. कृष्णा वाईकडे उतरून मैदानातून येते. कोयना सह्याद्रीच्या कुशीतून दक्षिणेला धावते, धरणात अडते, तिचं बरंचसं पाणी वीज करत पश्चिमेला उतरतं आणि उरलेली नदी हेळवाकला पूर्वेकडे वळून कराडला पोचते. इतर संगमांत एक नदी दुसरीला तिरकी येऊन मिळते. इथे दोघी जवळजवळ समोरासमोर येतात, जणू धावत येऊन गळ्यात पडतात, आणि मग मिळून निघतात. म्हणून हा प्रीतिसंगम. याच वाळवंटाकाठी यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. संध्याकाळी अख्खं कराड तिथे फिरायला येतं. म्हातारी माणसं कट्ट्यावर, पोरं वाळूत, भेळेच्या गाड्यांभोवती घोळका. दोन पाण्यांचा रंग कधी कधी वेगळा दिसतो, पावसाच्या सुरुवातीला विशेष. माझ्या आईने इथे उभं राहून एकदा म्हटलं होतं, "माहेरच्या दोघी भेटल्या." मला तेव्हापासून या जागेचं दुसरं वर्णन सुचलेलं नाही.

पुढे वारणा ओलांडली की ऊसच ऊस. थंडीत निघाला असाल तर धुराची उभी रेघ दिसेल तिथे विचारून आत जा, गुऱ्हाळ असेल. चुलवाणात चिपाडं धगधगत असतात, काहिलीत रस उकळत असतो, मळी काढली की रंग उजळत जातो. काहील कधी उतरवायची हे गुळव्या ठरवतो. पाकाचा थेंब पाण्यात सोडून, बोटांनी वळून बघतो. क्षण चुकला तर गूळ बिघडतो. कुणी वाटीभर गरम काकवी हातावर ठेवली तर नाही म्हणू नका, आणि निघताना एखादी ढेप विकत घ्या.

शेवटचा पूल पंचगंगेचा, शिरोलीजवळ. 2019 च्या ऑगस्टमध्ये ही नदी महामार्गावर चढली आणि कित्येक दिवस गाड्यांच्या रांगा जागच्या जागी उभ्या राहिल्या. एरवी ती शांत असते. आम्ही पूल ओलांडून शहरात शिरतो, पण घरी न जाता आधी गंगावेशीत थांबतो. कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि समोरच पेल्यात धार काढून देतात. भाचीने गेल्या वेळी दोन्ही हातांनी पेला धरला, ओठांवर फेसाची मिशी उमटली, आणि ती म्हणाली, "मामा, आठ झाले. परत जाताना मी उलटे मोजणार."