वळणांची लाइन : उकव्याच्या घाटापासून नर्मदेपर्यंत

बालाघाट जिल्ह्यातल्या उकव्याला रेल्वे नाही. गाडी धरायची तर आधी घाट उतरावा लागतो. माझं लहानपण इथल्या खाणीच्या कॉलनीत गेलं आणि प्रवास म्हटला की अजूनही मला आधी आठवते ती पहाटेची बस: सरईच्या झाडांमधून बालाघाटकडे निघालेली, काचा खडखडणारी. निघताना आई रुमालाच्या गाठीत एक नाणं बांधून द्यायची. ते नर्मदेसाठी. उकवा ते नर्मदा म्हणजे एक पूर्ण दिवस, आणि त्यातला मोठा भाग छोट्या लाइनच्या गाडीत जायचा.

‘देखणा रेल्वेप्रवास’ म्हटलं की मराठी माणूस दूधसागर, माथेरान किंवा कोकण रेल्वेचं नाव घेतो. ते मार्ग सुंदर आहेतच. पण गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारी सुमारे सव्वादोनशे किलोमीटरची लाइन या यादीत कुणी धरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हा मार्ग वैनगंगेच्या खोऱ्यातून निघतो, सातपुड्याच्या रांगा ओलांडतो आणि नर्मदेवर पोचतो. त्याचं सौंदर्य कुणी ठरवून घडवलेलं नाही. पैसा कमी होता, म्हणून ते आपोआप घडलं.

माथेरानची गोष्ट वेगळी. थंड हवेच्या ठिकाणी लोकांना नेण्यासाठीच आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ती लाइन 1907 साली पुरी केली. सातपुड्यातली लाइन ओझी वाहायला आली. 1896–97 आणि 1899–1900 अशा दोन दुष्काळांनी मध्य प्रांत पार खचवला होता. 1891 ते 1901 या दहा वर्षांत बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून उत्तरेकडे रूळ टाकले. धान, इमारती लाकूड, बांबू आणि जमिनीखालचं काळं मँगनीज बाहेर काढायचं होतं. प्रदेश डोंगराळ, मिळकत बेताची. म्हणून रुंदी निवडली गेली ती अडीच फुटांची, म्हणजे 762 मिलिमीटर. ब्रॉडगेजच्या 1676 मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी.

ही रुंदी म्हणजे केवळ आकडा नाही, खिडकीतून काय दिसणार हे तिनेच ठरवलं. आपल्या रेल्वेच्या नियमांत ब्रॉडगेजचं सर्वांत तीव्र वळण दहा अंशांचं, म्हणजे साधारण 175 मीटर त्रिज्येचं. नॅरोगेजला चाळीस अंशांपर्यंत मुभा, म्हणजे त्रिज्या अवघी 44 मीटर. डोंगर आडवा आला तर मोठी लाइन तो कापते किंवा पोखरते. छोटी लाइन त्याला वळसा घालते. बोगदा खर्चाचा, उंच भराव खर्चाचा, वळण स्वस्त. मग गाडी नाल्याच्या कडेकडेने, टेकडीच्या पोटाला लागून, ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने जायची. वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन खिडकीतून दिसायचं आणि डब्यातली सगळी पोरं एका बाजूला धावायची. झाड कोणतं हे ओळखून त्याच्याकडे पुन्हा एकदा बघण्याइतका वेळ मिळायचा. साग कुठे संपतो आणि सरई कुठे लागते, हे मी शाळेच्या पुस्तकात शिकले नाही, त्या खिडकीत शिकले.

पण प्रवास उकव्यापासूनच सुरू करायला हवा, कारण पुढचं सगळं समजायला हा घाट लागतो. ‘बालाघाट’ म्हणजे घाटावरचा मुलुख. 1867 साली जिल्हा झाला तो बैहरच्या पठाराकडे नजर ठेवून. मुख्य ठिकाण मात्र घाटाखाली राहिलं, जुन्या बूढा गावी, आणि वरच्या मुलखाचं नाव खालच्या शहराला चिकटलं. उकवा त्या वरच्या मुलखात, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर. घाटात रस्ता उतरू लागला की एका बाजूला दरी, दुसरीकडे बांबू, पुढे गांगुलपाऱ्याचा तलाव आणि धबधबा. त्यानंतर भरवेली येतं आणि अंगणातली मातीसुद्धा काळसर दिसू लागते.

हा काळेपणा या प्रदेशाचा पाया आहे. नागपूर, भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांतून कमानीसारखा गेलेला मँगनीजचा पट्टा जगातल्या नामांकित साठ्यांपैकी एक. भूगर्भशास्त्रज्ञ एल. एल. फर्मोर यांनी 1909 साली भारतातल्या मँगनीजवर प्रचंड ग्रंथ लिहिला आणि इथल्या मँगनीजयुक्त खडकाला इथल्याच गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिलं. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत ते नाव आजही आहे. उकव्याच्या आणि भरवेलीच्या खाणी आज नागपूरला मुख्यालय असलेल्या मॉइल कंपनीकडे आहेत. त्या कामगार वस्त्यांत मराठी, हिंदी, पोवारी आणि गोंडी एकाच नळावर ऐकू येतात. भरवेलीची भूमिगत खाण मँगनीजसाठी आशियातल्या सर्वांत खोल खाणींत गणली जाते. छोट्या लाइनने आलेला माल गोंदियाला मोठ्या डब्यांत भरला जाई. पुढे रायपूर–विजयनगरम मार्ग 1931 मध्ये पुरा झाला, 1933 मध्ये विशाखापट्टणम बंदर खुलं झालं आणि मध्य प्रांताच्या मँगनीजला समुद्र जवळ आला. वळणावळणाची ती गोंडस गाडी जगाच्या पोलाद कारखान्यांशी अशी जोडलेली होती.

आता लाइनकडे येऊ. गोंदियाहून बालाघाट चाळीसेक किलोमीटर, जवळपास सपाट. या टप्प्याला लोक कंटाळवाणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. दिवाळीच्या सुमारास या बांध्यांमध्ये धान पिकायला आलेलं असतं, मधेमधे बोड्या आणि तलाव, त्यांत शिंगाड्याची वेल पसरलेली. वाघ नदी ओलांडली की महाराष्ट्र मागे पडतो. धानाच्या रंगात काही फरक पडत नाही. याच जिल्ह्यातल्या सुवासिक चिन्नोर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या डब्यातून कुणी नव्या तांदळाचं गाठोडं नेत असेल तर वास आपल्यापर्यंत येतो.

खरा मार्ग सुरू होतो बालाघाट सोडल्यावर. समनापूर, चरेगाव, लामटा. जबलपूरकडे तोंड करून बसलात तर डावीकडे वैनगंगेचं खोरं, उजवीकडे पठाराची चढती कड, म्हणजे आपण उकव्याहून उतरलो तीच. मी नेहमी उजवीकडे बसते. नदी प्रत्येकाला आवडते, पण ती कड सकाळच्या उन्हात ज्या रीतीने निळ्याची हिरवी होते ते बघायला डोळे तयार ठेवावे लागतात. रडयार्ड किपलिंगने 1894 साली ‘जंगल बुक’मध्ये मोगलीला ज्या वैनगंगेकाठी आणि सिवनीच्या टेकड्यांत वाढवलं, तो हाच मुलुख, पण त्याने स्वतः तो पाहिला नव्हता. जे पाहिलं नाही ते इतकं खरं लिहिलं गेलं, आणि जे आपल्या उशाशी आहे ते बघायला आपण जात नाही.

पुढे नैनपूर. जबलपूर, गोंदिया, छिंदवाडा आणि मंडला फोर्ट अशा चार दिशांना छोट्या लाइनी फुटणारं हे जंक्शन एके काळी गाड्यांनी गजबजलेलं असे. सातपुड्यातल्या नॅरोगेजचं जाळं मिळून जवळपास हजार किलोमीटरचं होतं. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–सिमला या लाइनी जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. सातपुड्याच्या लाइनींना ते भाग्य लाभलं नाही. मोठी लाइन टाकण्यासाठी 2015 साली जबलपूर ते नैनपूर आणि पुढची बालाघाटपर्यंतची छोटी गाडी थांबली. 2019 च्या नोव्हेंबरात नागपूर–नागभीडही बंद झाली. नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात, 2002 पासून, त्या काळातली इंजिनं आणि डबे जपले आहेत. तिथे मुलांना अवश्य न्यावं.

मी या बदलाविरुद्ध नाही. रात्री कुणाला जबलपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं असेल तर वीस किलोमीटरचा वेग देखणा वाटत नाही. 2020–21 मध्ये मोठी लाइन सलग झाली आणि उत्तर-दक्षिण गाड्यांना इटारसीचा वळसा टाळता येऊ लागला. काम रेंगाळलं त्याचं एक मोठं कारण जंगल होतं. हा मार्ग कान्हा आणि पेंच या दोन व्याघ्रप्रकल्पांना जोडणाऱ्या वनपट्ट्यातून जातो. वाघ, गवे, रानकुत्री इथूनच ये-जा करतात. छोट्या गाडीपुढून जनावर निघून जाई. शंभरच्या वेगाने येणाऱ्या गाडीपुढून ते जाईलच असं नाही. त्या पट्ट्यात जनावरांसाठी भुयारी वाटा हव्यात, रात्रीचा वेग आवरायला हवा आणि त्यासाठी लागणारी पाच-दहा मिनिटं आपण प्रवाशांनी आनंदाने सोसायला हवीत.

नैनपूरनंतर घनसौरकडे जाताना उंच पठारावर एक जागा अशी येते, जिथे काहीच घडत नाही. बोगदा नाही, पूल नाही. पण तिथे पाणी दुभंगतं. दक्षिणेला पडलेला थेंब वैनगंगेतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात जातो. उत्तरेला पडलेला नर्मदेतून अरबी समुद्रात. ही जागा मला या अख्ख्या प्रवासात सर्वांत सुंदर वाटते. एकदा आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बाहेर बघत राहिली, मग म्हणाली, “म्हणजे आपण आता नर्मदामाईच्या घरात आलो.”

तिथून उतार लागतो आणि ग्वारीघाटला नर्मदा येते. मागच्या खेपेला आम्ही वातानुकूलित डब्यात होतो, खिडक्या बंद. पुलाच्या अलीकडेच आई उठली आणि मला घेऊन साध्या डब्यात गेली. तिथे खिडक्या उघड्या होत्या, लोक आधीच हात जोडून उभे होते. एका म्हातारबाबांनी सरकून तिला खिडकीशी जागा दिली. तिने रुमालाची गाठ सोडली, “नर्मदे हर” म्हणाली, आणि उकव्याहून आणलेलं नाणं पुलाच्या दोन लोखंडी खांबांमधून नेमकं खाली गेलं.